वैद्याचा चेहरा

नवऱ्याचं घर सोडून ती मावशीकडे आली, ती आठवडाभर राहायचं म्हणून. सोबत एक बॅग आणि चित्रं काढायचा टॅबलेट. मावशीनं काही विचारलं नाही. मागची खोली रिकामी केली, इस्त्रीचं टेबल भिंतीशी लावलं आणि म्हणाली, "हे तुझं. एक पाय लंगडा आहे, खाली पुठ्ठा घाल."

मावशीचं घर एका लाँड्रीच्या वर होतं. खाली दिवसभर मोठाली यंत्रं घरघरायची, त्यामुळे मागच्या खोलीची फरशी कायम कोमट असायची आणि हवेला साबणाचा वास. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, भिंतीवर पाण्याचे पाइप, आणि मान वाकडी केली तर बोटभर आभाळ. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. पुठ्ठा दबून सपाट झाला, तिनं दुसरा घातला.

ती चित्रकार होती. शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची: बेडकाच्या पोटातले अवयव, पेपर वाचणारे बाबा, रस्ता ओलांडणारी शहाणी मुलं. चित्रकलेच्या कॉलेजात तिला सगळे खोडरबर म्हणायचे, कारण ती काढायची कमी आणि पुसायची जास्त. एकदा काढलेली रेघ तिला कधीच पुरेशी खरी वाटत नसे.

मावशीचा मुलगा टिल्लू. लहानपणी बुटका होता म्हणून हे नाव पडलं, पुढे दाराच्या चौकटीला डोकं आपटेल इतका वाढला, तरी नाव तेच राहिलं. एका कंपनीत कोड लिहायची नोकरी होती, ती सोडून तो घरीच एक गेम बनवत होता. ताई घरात आयती सापडली म्हटल्यावर त्यानं विचारलं, "माणसं काढशील? मोठ्या डोळ्यांची, वाऱ्यावर केस उडणारी. जपानी कार्टूनमध्ये असतात तशी."

"बेडूक काढते मी."

"बेडकाचे डोळे मोठेच असतात," टिल्लू म्हणाला.

गेमचं नाव होतं 'रत्नमहाल'. एक मुलगी एका उंच महालात अडकलेली असते. प्रत्येक मजल्यावर रंगीत रत्नांचा पट मांडलेला. रत्नं इकडची तिकडे सरकवायची, तीन सारखी एका ओळीत आली की ती फुटतात आणि वरच्या मजल्याचं दार थोडं थोडं उघडतं. चाली संपल्या की हरलात, आणि हरलात की थेट तळमजल्यावर. मिळवलेलं सगळं जातं, फक्त एक आठवणीचा खडा सोबत राहतो, त्याच्या जोरावर पुढचा डाव जरासा सोपा जातो. वाटेत चार तरुण भेटतात: एक तलवारबाज, एक चोर, एक राजपुत्र आणि एक वैद्य. ज्याच्याशी बोलाल, ज्याला जपाल, तो प्रेमात पडतो.

वैद्य खरं तर कुणाच्या खिजगणतीत नव्हता. औषधाची बाटली देऊन निघून जायचं, एवढंच त्याचं काम. चाचणी घ्यायला तात्पुरतं काहीतरी हवं होतं म्हणून तिनं एका दुपारी घाईघाईत त्याचा चेहरा काढला. दोन-तीन दिवसांनी टॅबलेट उघडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, तो तिच्या नवऱ्याचा चेहरा होता. केस लांब होते, अंगात झगा होता, पण डावी भुवई तशीच किंचित वर, आणि मान तशीच कलती. ती पुसायला बसली, तेवढ्यात मागून टिल्लू आला.

"याला हात लावू नकोस, ताई. बाकी तिघं पोस्टरवरची वाटतात. हा एकटा खरा वाटतो."

तिला सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्या घरात ती ज्या शांततेवर राहत होती ती मोडली असती. तिनं चेहरा ठेवला.

नवरा औषधविक्रेता होता. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. एखाद्या गोष्टीचा राग आला की तो बोलणं थांबवायचा. दिवसच्या दिवस. ती समोर उभी असली तरी तिच्या आरपार बघत पाण्याचा ग्लास उचलायचा. मग एका सकाळी हसत चहाचा कप तिच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "आज बाहेर जाऊ या का?" ती विचारायची, "इतके दिवस बोलला का नाहीस?" तो मान कलती करायचा. "कधी? मला तर काही आठवत नाही." सहा वर्षांत तिची अशी अवस्था झाली की रस्त्यात कुणी हाक मारली तरी आपल्यालाच मारली का, याची तिला खात्री वाटेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. माहेरी सांगावं तर वळ कुठे दाखवणार?

गेमचा एक नियम मात्र तिनंच सुचवला. टिल्लू अडला होता: हरल्यावर या तरुणांचं काय करायचं? ती टॅबलेटवरून मान न उचलता म्हणाली, "त्यांनी विसरून जावं. मुलीला सगळं आठवतं, त्यांना काहीच नाही. पुन्हा पहिल्यापासून."

टिल्लू खुर्चीतून उठला. "ताई, हे फार सुंदर आहे."

सुंदर, असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण नियम राहिला. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला वैद्य मान कलती करून विचारायचा, "आपण याआधी भेटलोय का?"

गेम बाजारात आला आणि कित्येक दिवस कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकणाऱ्या एका मुलीनं तो खेळला, वैद्यानं तिला आठव्यांदा ओळखलं नाही तेव्हा ती कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडली, आणि तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. वैद्य मागून आला आणि तिखट झाला. राजपुत्राला कुणी विचारेना. लोक वैद्याची चित्रं काढू लागले, त्याच्या चेहऱ्याचे बिल्ले, उशांचे अभ्रे निघाले. मागणी एकच: आम्हाला याच्याशी लग्न करायचंय. गेम विकणाऱ्या कंपनीच्या बाईंनी लग्नाचा शेवट मागितला आणि टिल्लू फोनवरच हो म्हणून बसला.

"सात-आठ चित्रं लागतील," तो तिला म्हणाला. "तो तिच्याकडे प्रेमानं बघतोय, तिचा हात हातात घेतोय, असं काहीतरी. तुझ्या डाव्या हाताचा मळ."

त्या दिवसापासून ती सकाळी टेबलाशी बसायची आणि नवऱ्याला प्रेमळ करत राहायची. त्यासाठी तो प्रेमळ कधी होता ते आठवावं लागायचं. आणि तो होता. ती तापानं फणफणली असताना त्यानं रात्रभर तिचे तळवे चोळले होते. तिच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रती त्यानं दुकानाच्या काचेत मांडल्या होत्या. वाईट आठवणींशी तिचा एव्हाना समझोता झाला होता. चांगल्यांपुढे तिचा टिकाव लागेना. दुपारी खालची यंत्रं थांबली की तिला वाटायचं, जिना उतरून, रस्ता ओलांडून थेट त्या घरी जावं. मग ती स्वतःचाच हात धरून बसून राहायची.

तिनं पळवाट काढायचा प्रयत्न केला. भुवई खाली आणली, मान सरळ केली. टिल्लूनं चित्रं परत पाठवली. "हा तो नाही, ताई." त्याचं बरोबर होतं. मग ती म्हणाली की ती आजारी आहे. मावशी सूप घेऊन आली, कपाळाला हात लावून पाहिला आणि ताप नाही म्हटल्यावर पलंगाच्या कडेला बसली. मावशी स्वतः तो गेम फोनवर खेळायची, भाजी शिजेपर्यंत एक डाव. तिनं मांडीवरचा फोन उलटा केला.

"मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," मावशी म्हणाली.

काय ओळखलं ते दोघींनाही कळत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुझं मन अजून तिकडे आहे. तू रोज त्याचाच चेहरा काढायचीस. म्हटलं, जाईल कधीतरी परत. आपण मध्ये कशाला पडा."

मावशीनं वाट अडवली नव्हती, उलट मोकळी ठेवली होती, आणि नेमकी त्या घराकडे परत जाणारी. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. सूप गार झालं.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, लाँड्रीवाल्यानं खालून हाक मारली. भेटायला कुणीतरी आलंय. ती खाली आली. घडी केलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी नवरा उभा होता. केस थोडे विरळ झाले होते. बाकी तसाच.

"छान काढलंयस," तो म्हणाला. "दुकानात एक मुलगी येते, तिनं फोनवर दाखवलं. म्हणाली, काका, तुम्ही अगदी यांच्यासारखे दिसता."

"काका म्हणाली?"

"ते सोड. इतकं मनापासून कुणी उगाच काढत नाही. म्हटलं, आता आपणच जावं."

"तो तू नाहीस."

"भुवई माझी आहे." तो हसला. "मी भांडायला आलो नाही. झालं ते झालं. घर तसंच आहे, चल."

लाँड्रीवाला चादरी मोजायचं सोंग करत होता. तिनं विचारलं, "काय झालं होतं, ते सांग. मी का निघाले?"

त्यानं मान कलती केली. डावी भुवई वर गेली. "खरं सांगू? मला नीटसं आठवत नाही. तूच काहीतरी मनाला लावून घेतलंस."

हा भाव तिनं शेकडो वेळा काढला होता. वैद्याच्या भावमुद्रांच्या तक्त्यात, तिसऱ्या ओळीत, त्याच्याखाली तिनंच लिहिलं होतं: निरागस. आणि आता, हातभर अंतरावरून, कोरड्या उजेडात तिला पहिल्यांदा दिसलं की ही मुद्रा करताना तो तिच्याकडे बघतच नाही, आपलं म्हणणं खपतंय का ते बघतो. दुकानात एक गोळी नसली की दुसरी देताना बघायचा, तसं.

"तुला आठवतं," ती म्हणाली. "सगळं आठवतं. नेहमीच आठवत होतं."

त्यानं घड्याळ पाहिलं आणि तो म्हणाला, दुकान उघडायची वेळ झाली. जाताना लाँड्रीवाल्याला त्यानं हसून नमस्कार केला.

ती वर गेली आणि टिल्लूला सगळं सांगितलं, पहिल्या अबोल्यापासून. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मी त्या नियमाला सुंदर म्हणालो होतो."

"हो."

"ताई, चेहरा आता बदलता येणार नाही. तो आपल्या हातातून गेलाय."

"माहीत आहे. शेवट तर आपल्या हातात आहे ना?"

दोघांनी मिळून नवा शेवट बनवला. सर्वांत वरच्या मजल्यावर वैद्य नेहमीसारखं विचारतो, "आपण याआधी भेटलोय का?" तिथे मुलीला एक नवं उत्तर मिळतं: "तुला आठवतंय." मग तो झग्याच्या खिशातून तिनं प्रत्येक हरलेल्या डावात गमावलेली रत्नं काढून समोर ठेवतो. त्यानं ती जपून ठेवली होती. प्रत्येक वेळी त्याला सगळं आठवत होतं. मागे दार उघडतं आणि मुलगी एकटी बाहेर जाते.

लोक खवळले. आमचा वैद्य असा नाही, चित्रकार बाईंना त्याचा स्वभाव कळलेलाच नाही, असं लिहिणारेही निघाले. ते वाचून ती बऱ्याच दिवसांनी हसली. काही पत्रं मात्र वेगळी होती. एका बाईनं लिहिलं होतं, "मी गेम बंद केला आणि माझ्या बहिणीला फोन लावला." ते तिनं मावशीला वाचून दाखवलं. मावशीनं चष्मा काढून पुसला.

पण कंपनीच्या बाई सभ्यपणे अडून बसल्या. त्यांचंही फार चुकत नव्हतं. "लोक दिवसभर थकून येतात हो. त्यांना लग्न हवंय." शेवटी दोन्ही शेवट ठेवायचं ठरलं, ज्याला जो हवा तो. लग्नाची चित्रं तिलाच काढावी लागली. तिनं ती बेडकाच्या अवयवांसारखी काढली: इथे डोळा, इथे बोटं, इथे हसू. आतून काहीही न लावता. आणि ती लोकांना अतोनात आवडली. तिचं आजवरचं सर्वांत हळवं काम, असं सगळे म्हणाले. बहुतेक जण अजून तोच शेवट निवडतात.

पुढच्या भागासाठी टिल्लूनं दुसरी चित्रकार घेतली. वैद्याच्या भावमुद्रांचा आपला तक्ता तिनं या मुलीच्या हवाली केला. नवी मुलगी बारकाईनं बघत होती. "ही भुवई अशी का?"

"तशीच ठेव. आवडते लोकांना."

आता ती महालाचे जिने आणि बागा काढते. मागची खोली अजून सुटलेली नाही; दोनदा बाहेर जागा पाहून झाली, दोन्ही वेळा पुढच्या भागाची घाई आडवी आली. रस्त्यात कधी कुणाच्या दप्तरावर तो बिल्ला दिसतो, मग ती फुटपाथ बदलते.

परवा मावशी औषधं घेऊन आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि गुडघे चोळत बसली. "त्यानं दुकानात वैद्याचं हे एवढं मोठं पोस्टर लावलंय. शेजारी उभा राहून लोकांबरोबर फोटो काढतो. गर्दी असते."

"म्हणून इतका उशीर झाला?"

"मी आता मंडईपलीकडच्या दुकानातून आणते," मावशी म्हणाली. "चालावं लागतं, पण तिथला माणूस तोंड वर करून बघतसुद्धा नाही. बरं वाटतं."