उंबऱ्याबाहेरचे बूट

पादत्राणं उंबऱ्याबाहेर ठेवणं हा आपल्या संस्कृतीचा पाया आहे, असं माझं ठाम मत होतं. परवा सिंगापुरातल्या यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमधलं कपाट उघडताच जुन्या चामड्याचा वास आला आणि फिनलंडमधली एक सकाळ आठवली. सिंगापूरहून तिथे राहायला गेल्यावर घेतलेलं जुनं घर दुरुस्त करताना मी दारामागची चिमुकली खोली निरुपयोगी म्हणून पाडली होती आणि बूट बाहेर ठेवले होते. नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते दगडासारखे गोठले. "संस्कृती कडक झाली वाटतं," बायको म्हणाली. तेवढ्यात शेजारच्या आजी आपल्या दिवंगत नवऱ्याचे बूट घेऊन आल्या. "पाडलीत ती खोली बुटांसाठीच होती," एवढंच म्हणाल्या. मी ऑफिसात वेळेवर पोचलो. ते बूट त्यांनी परत घेतलेच नाहीत. इथल्या दमट हवेत बाहेर बुरशी धरते, म्हणून ते देवघराखालच्या कपाटात असतात.