नाइस म्हणेल त्याने व्हरांडा झाडावा

रेजिना टीचरच्या शोकसभेत मी त्यांना ‘नाइस’ म्हणालो.

यात काय एवढं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण बोरिवलीच्या गावठाणातल्या त्यांच्या व्हरांड्यात, त्या गेल्याला महिना भरल्यावर चर्चमध्ये झालेल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर जमलेले आम्ही सगळे त्यांच्याकडे इंग्रजी शिकलेले, मराठी शाळांतले. टीचरच्या धाकट्या बहिणीने, आग्नेस मावशीने, आमच्यावर एक काम टाकलं होतं. थडग्याच्या दगडावर नावाखाली एक इंग्रजी शब्द कोरायचा, तो विद्यार्थ्यांनी द्यायचा. एकच, पण बरोबर. माझा आवाज मोठा म्हणून मला उभं केलं. आठवडाभर डिक्शनरी चाळून मी भारदस्त शब्द जमवले होते... समोर टीचरचा फोटो दिसला, ते सगळे विसरलो आणि तोंडातून निघालं, ‘टीचर वॉज अ व्हेरी नाइस लेडी.’ मग माझ्या वर्गातली वर्षा फिस्सकन हसली आणि तिच्या मागोमाग सगळा व्हरांडा. मावशी आत गेल्या आणि दाराआडचा झाडू आणून त्यांनी माझ्या हातात दिला.

तो नियमच होता. वर्गात नाइस म्हणेल त्याने व्हरांडा झाडायचा. टीचर म्हणायच्या, ‘नाइस म्हणजे तू नीट बघितलंच नाहीस.’ त्यांच्याकडे शब्दांची घोकंपट्टी नव्हती. दर शनिवारी बेकरीतून खारी, नानखटाई आणि कालचा पाव यायचा. डोळे मिटून खायचं आणि शब्द शोधायचा. खारीचे पापुद्रे जिभेवर सुटले की फ्लेकी, नानखटाईचा भुगा झाला की क्रम्बली, पावाचा चहात लगदा झाला की सॉगी. पोटात गेलेला शब्द परीक्षेत दगा देत नाही, हा त्यांचा सिद्धांत. मी सदा भुकेला. माझ्या हातावर दगड झालेला पाव पडला. तो ‘स्टेल’, म्हणजे शिळा आहे हे शेजारच्या कुत्र्यालाही कळलं असतं. मी तो मटकावला आणि कुणी विचारायच्या आत म्हणालो, नाइस. त्या वर्षी गावठाणात त्याहून स्वच्छ व्हरांडा नसावा.

त्यांचं शिक्षण अंगी बाणलं, तेही भलत्या वेळी. विलेपार्ल्याच्या एका कचेरीत पहिल्या मुलाखतीला गेलो. साहेबांनी चहा मागवला आणि सहज विचारलं, कसा आहे? मी घोट घेतला, नीट विचार केला आणि म्हणालो, ‘लूकवॉर्म, सर.’ चहा खरंच कोमट होता. साहेबांनी स्वतःचा कप चाखला, शिपायाकरवी परत पाठवला आणि नोकरी दुसऱ्याला दिली. हे ऐकून टीचर एवढ्या हसल्या की चष्मा काढून पदराने पुसायला लागला. म्हणाल्या, ‘पहिल्यांदाच बरोबर शब्द बोललास रे, तोही चुकीच्या माणसाला.’ आणि खारीचा पुडा माझ्यापुढे सरकवला.

अलीकडे त्यांच्याकडे येणारी पोरं मोबाइलमधून एका शब्दाला दहा पर्याय काढून दाखवायची. टीचर शांतपणे म्हणायच्या, ‘कपाटातून साड्या काढल्यास, बाळा. नेसलीस कुठली?’

शेवटची भेट त्यांच्या आजारपणात, त्यांच्या खोलीत झाली. येणारा प्रत्येक जण सांगत होता, टीचर, फ्रेश दिसताय. मला त्यांनी थेट विचारलं, मी कशी दिसते? नाइस ओठांपर्यंत आला होता. मी थांबलो. त्यांचं मनगट बघितलं, बांगडी कोपरापर्यंत घसरत होती. ‘फ्रेल,’ म्हणालो. खंगलेली, असं तोंडावर बोलून बसलो आणि वाटलं, वाट लागली. पण त्यांनी माझा हात दाबला. ‘बघितलंस हं...’ एवढंच म्हणाल्या. मला इतक्या वर्षांत मिळालेले पैकीच्या पैकी मार्क ते तेवढेच.

आणि आता त्यांच्याच व्हरांड्यात उभा राहून मी त्यांना नाइस म्हटलं होतं. मुकाट्याने झाडायला लागलो. मिस्सेनंतर सगळ्यांना चहा-खारी दिली होती, पापुद्रे व्हरांडाभर. लोक शब्द सुचवत होते, मावशी मान हलवत होत्या. काइंड? नको. नोबल? ‘ती ऐकेल तर उठून बसेल.’ तेवढ्यात वर्षा हळूच म्हणाली, ‘क्रिस्प.’

कुणी हसलं नाही. मी झाडू थांबवला. खळ केलेली ती सुती साडी, एकही शब्द जास्त नसलेली वाक्यं, कडकन तुटून लगेच संपणारा राग... सगळं त्यात होतं.

‘ती काय खारी होती?’ मावशी म्हणाल्या. मग त्यांनी फोटोकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरले नि हसूही आलं. ‘होती. उद्या दगडवाल्याला सांगते.’

‘बघा, मिळाला की नाही आपल्याला शब्द,’ मी झाडूवर रेलून म्हणालो.

‘आपल्याला नाही, वर्षाला,’ मावशी म्हणाल्या. ‘तुला ती फक्त झाडायला शिकवून गेली, आणि तेही जमत नाही. तो कोपरा नीट बघितलाच नाहीस.’