सांभाळून घेतलेली गोळी

आमच्या डायरेक्टरनं स्कॉटलंडला जाऊन हरीण मारायचं ठरवलं, तेव्हा एक जिना चढला तरी त्याला धाप लागत होती आणि पन्नास मीटरवरच्या कागदाला त्याची गोळी लागत नव्हती. कपडे मात्र तयार होते. हिरवट लोकरी जाकीट, गुडघ्याखाली आवळलेली विजार, त्याच कापडाची टोपी. बाहेर बेचाळीस डिग्री तापलेलं असताना त्यानं ते सगळं केबिनमध्ये घालून आम्हाला दाखवलं. किंमत दिरहममध्ये सांगितली. मी मनात रुपये केले आणि म्हणालो, "शोभतंय, सर." तोंडावर मी त्याला कायम सर म्हणत आलो. इथे म्हणणार नाही.

दुबईतल्या मंदीचं ते पहिलं वर्ष. आमची कंपनी इमारती बांधायची आणि मी एस्टिमेशनमध्ये होतो. बांधकामं थांबली होती, तरी आम्ही कधीच उभ्या न राहणाऱ्या इमारतींचे खर्च काढत बसायचो, कारण रिकामा दिसणारा माणूस आधी जायचा. सोनापूरच्या कॅम्पातून साइटवर येणाऱ्या मजुरांच्या बसगाड्या कमी होत गेल्या. मग ऑफिसातली माणसं कमी होऊ लागली. कुणाला काढायचं ते हा डायरेक्टर ठरवायचा, पण सांगायचा कधीच नाही. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी दुपारी एचआरकडून फोन यायचा आणि त्याआधी हा गाडीत बसून निघून गेलेला असायचा. हा आमचाच, दादरचा माणूस. गणपतीला आमच्या अल बर्शाच्या घरी येऊन मोदक खाऊन जायचा.

एकदा जेवताना मी बोलून गेलो की कॉलेजात असताना एनसीसीच्या रायफल टीममध्ये होतो. बोलायचं काही कारण नव्हतं. मोठेपणा, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी त्यानं बोलावून घेतलं.

"काय गुरुजी, छुपे रुस्तुम निघालात! एक क्लायंट दरवर्षी स्कॉटलंडला शिकारीला जातो. या वेळी मी त्याच्याबरोबर जाणार. शनिवारपासून मला तयार करायचं. यल्ला?"

"यल्ला, सर," मीही अरबीत 'चला' म्हणालो.

शहराबाहेर एक शूटिंग क्लब होता. तिथे बंद हॉलमध्ये पॉइंट टू-टूची रायफल भाड्यानं मिळायची. शेजारी-शेजारी जागा, समोर पन्नास मीटरवर कागदाची टारगेटं. दर शनिवारी सकाळी आम्ही दोघं तिथे जाऊ लागलो.

मी ते काम मनावर घेतलं, हे खरं आहे. हरणाच्या शिकारीबद्दल मिळेल ते वाचलं. मला त्यातलं एक पटलं. कागदावर नेम चुकला तर फक्त गुण जातात. हरणावर चुकला तर पोटात गोळी घेऊन जनावर पळत सुटतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास मरत राहतं. म्हणून तिथला नीट शिकारी आधी स्वतःची परीक्षा घेतो. पुढच्या पायामागची रेघ धरून वर जायचं, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागावर थांबायचं. काळीज आणि फुप्फुसं तिथेच. ती जागा साधारण चहाच्या बशीएवढी. आडवं पडून, बसून, काठ्यांच्या टेकूवर उभं राहून, चढण चढून धाप लागलेली असताना, प्रत्येक गोळी त्या बशीत गेली पाहिजे. बहुतेक गोळ्या गेल्या, असं चालत नाही. आणि जाणार नसेल, तर बंदूक खाली ठेवून परत यायचं. मला यात आमच्या आईच्या चातुर्मासातल्या नेमासारखं काहीतरी दिसलं. मराठीत दोन्हीला नेमच म्हणतात, हे तोवर कधी लक्षात आलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "सर, आधी बाहेरचा जिना दोनदा चढून-उतरून या. मग आडवे व्हा."

"जिना कशाला? तिथे गाइड असतो, तो जवळ नेतो."

"छाती धडधडत असताना नेम धरायची सवय हवी."

"गुरुजी, तुम्ही मला ऑलिम्पिकला पाठवताय का?"

तो श्वास रोखायला विसरायचा. चाप हळू दाबायचा सोडून हिसका द्यायचा, त्यामुळे गोळी खाली उजवीकडे जायची. काही गोळ्या कागद सोडून मागच्या मातीत जायच्या. मग म्हणायचा, "वारा होता." बंद हॉलमध्ये! एकदा त्यानं तिथल्या माणसाला सांगून एसीची झडप खरोखर बंद करायला लावली. चुकून दोन गोळ्या जवळजवळ लागल्या की तेवढाच कागद घडी करून खिशात घालायचा आणि ऑफिसात भिंतीवर चिकटवायचा. बाकीचे कागद कचऱ्यात. इतका पोकळ माणूस मी जवळून पाहिला नव्हता, आणि त्याला चुकताना पाहून मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकतो. गुरुजीला शोभणारी गोष्ट नव्हे ती.

एका गुरुवारी आमच्याच डिपार्टमेंटमधली तीन माणसं गेली. शनिवारी तो क्लबात आला तेव्हा त्याचं डोकं फिरलेलं होतं. पाच गोळ्या झाडल्या. कागदावर भोकं तीन, तीही कडेला.

"गुरुजी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या शिकवण्यात काहीतरी गडबड आहे. रिझल्ट दिसत नाहीत."

रिझल्ट हा त्या आठवड्यातला शब्द होता. गुरुवारी गेलेल्या तिघांनाही एचआरनं तोच ऐकवला होता.

पुढच्या फेरीला मी शेजारच्या जागेवर आडवा झालो. त्याच्यासारखीच रायफल, तीच गोळी. शेजारच्या कागदावर जायला नळी बोटभरही हलवावी लागत नाही. त्याची गोळी मातीत गेलेली दिसली आणि मी माझी एक त्याच्या कागदावर टाकली. मधोमध. नेमबाजीत याच्याइतका निंद्य प्रकार नाही. एनसीसीत असं कुणी केलं असतं तर रायफल कायमची काढून घेतली असती.

कागद सरकत जवळ आला. त्यानं पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत? खलास!"

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"मग काय झालं? नोकरी टिकली ना? घ्या सांभाळून."

"अगं, पण तो उद्या खरंच..."

"तो कुठला जातोय! उन्हात पार्किंगपर्यंत चालत नाही तो माणूस."

मुलगी टेबलावर अभ्यास करत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, दॅट्स चीटिंग."

"तू अभ्यास कर," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

सांभाळून घेणं. आमच्यासारख्या नोकरदार मराठी माणसांना हे दुधातून पाजलेलं असतं. साहेबाचं इंग्रजी चुकलं, सांभाळून घे. बेरीज चुकली, सांभाळून घे. दोन्ही बाजूंनी याला माणुसकी म्हणतात. माझ्या मते ही भित्र्या माणसांची एक भाषा आहे आणि मी ती उत्तम बोलतो.

नंतर ते दर शनिवारी होत गेलं. कधी एक, कधी दोन, आणि पुढे पुढे त्याची गोळी चुकायची वाटही न बघता. त्याच्या केबिनच्या भिंतीवर माझी भोकं वाढत गेली. माझं नाव गुरुवारच्या फोनात आलं नाही. ज्यांची आली त्यांच्यातले दोघं माझ्यापेक्षा हुशार होते.

मग त्यानं तिकीट काढलं.

"ऑक्टोबरचा पहिला आठवडा," तो म्हणाला. "तुमच्या वहिनी म्हणाल्या, चातुर्मासात हरीण मारता? मी म्हटलं, तुझा चातुर्मास दुबईत, स्कॉटलंडला लागू नाही!" आणि खूप हसला. मी पण हसलो.

त्या रात्री मात्र बायकोचं वाक्य माझ्या कामी आलं नाही. हा खरोखर जाणार होता. आपल्याला नेम जमतो असं समजून जाणार होता, आणि तसं त्याला वाटायला लावणारा मी होतो. मी न सांभाळता चुकू दिलं असतं तर निदान तो घाबरला असता. सांगितलं तर नोकरी जाणार, व्हिसा जाणार, मुलीची शाळा अर्ध्या वर्षात सुटणार. न सांगितलं तर एका जनावराचं पोट फाटणार. दोन्ही पारड्यांत ठेवून पाहिलं. मला लाज वाटते, पण जनावराचं पारडं बरेच दिवस हलकंच होतं.

शेवटच्या शनिवारी मी क्लबात रायफल घेतलीच नाही. म्हणालो, "सर, आज खांदा दुखतोय. तुम्ही मारा, मी मागे थांबतो."

त्यानं माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग आडवा झाला. पाच गोळ्या. कागद सरकत आला. दोन भोकं, एक खालच्या कोपऱ्यात, एक आकड्यांच्याही बाहेर. बशीत एकही नाही.

"आज वारा आहे का हो?" तो म्हणाला.

"सर, वारा नाही. एक सांगायचंय." मी म्हणालो. "मधली भोकं माझी असायची. गेले सगळे शनिवार. मी तुमच्या कागदावर मारत होतो. तुम्ही जाऊ नका. निदान बंदूक हातात घेऊ नका. तिथे आधी टारगेटवर मारायला लावतात, तेव्हाच सांगून टाका की आज जमत नाही."

मला वाटलं, हा ओरडेल. त्यानं शांतपणे कानांवरची झाकणं काढली, टेबलावर ठेवली.

"पाच गोळ्यांत सात भोकं पडतात का, गुरुजी?"

मी जमिनीवरची रिकामी काडतुसं गोळा करू लागलो.

"मला मोजता येत नाही असं वाटलं तुम्हाला? पहिल्याच दिवशी कळलं. म्हटलं, माणूस शहाणा आहे. कुणाचं काय सांभाळायचं ते त्याला कळतं. लिस्टवरून दोनदा तुमचं नाव मी काढलं, ते काय तुमच्या एस्टिमेट्ससाठी?"

"मग तरी जाणार?"

"अहो, सगळं बुकिंग झालंय. क्लायंट येतोय. आणि तिथे टारगेटवर नाही लागलं तर काय, पैसे भरलेल्याला नापास करतात का?" तो टोपी शोधत उठला. "गाइडकडे पण बंदूक असतेच ना. घेईल तो सांभाळून."

गाडीत त्यानं गाणी लावली. मला अल बर्शाच्या सिग्नलला सोडताना म्हणाला, "खांद्याला बाम लावा."

ज्याला मी इतके दिवस मूर्ख समजून मनातून तुच्छ लेखत होतो, त्याला सगळं माहीत होतं. त्याला फसवायला मी एकट्यानं आयुष्यातला चांगला नेम वाया घालवला नव्हता. तो आम्ही दोघांनी मिळून घालवला होता. मला अजून तो माणूस तुच्छच वाटतो. फक्त पूर्वी मी त्या तुच्छतेच्या वरच्या पायरीवर उभा आहे असं वाटायचं.

तो गेला आणि आठवड्यानं आला. पहिल्याच दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये लॅपटॉप जोडून फोटो दाखवले. उरलेसुरले आम्ही सगळे जमलो होतो. धुकं, टेकड्या, तो जाकिटात. मग मोठं नर हरीण आडवं पडलेलं, शिंगं धरून तो मागे गुडघ्यावर बसलेला.

"वन शॉट," तो म्हणाला. "एकशे वीस मीटर. जागच्या जागी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्यापाशीच बसलो होतो. हरणाच्या पुढच्या पायामागे, जिथे असायला हवं तिथे, एक नेटकं भोक होतं. आणि मागे, मांडीच्या जरा पुढे, पोटावर आणखी एक. त्याच्याभोवतीचे केस चिकटून काळे झाले होते आणि पायावर रक्त वाळलं होतं. भोकं मोजायचं मला शिकवलेलं आहे. पण पोटातल्या भोकानंतर छातीतलं पडेपर्यंत ते जनावर कुठे होतं, किती पळालं, गाइडला ते कधी सापडलं, हे फोटोत दिसत नव्हतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझी नजर कुठे आहे ते त्याला दिसलं असावं, कारण त्यानं चटकन पुढचा फोटो लावला. जेवणाच्या टेबलाचा.

"सर, कमाल केलीत!" अकाउंट्समधला एक जण म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुम्हीच शिकवलंत ना यांना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही बघत होता, फोटोतल्यासारखा ताठ, ओठांवर थोडं हसू.

"हो," मी म्हणालो. "मीच शिकवलं."