पंखावरचा पापुद्रा

मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी आले होते, आज सहा महिन्यांनी परत निघाले. पुढचे सहा महिने विहीणबाईंचे. त्या काल आल्या आणि नात पहिल्याच हाकेला त्यांच्याकडे झेपावली.

विमानाच्या खिडकीतून पाहते तर एक गाडी पंखावर वाफाळतं नारिंगी औषध फवारत होती. पंख मला तरी स्वच्छच दिसत होता. शेजारी बसलेले पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "थंडीनं पातळ बर्फ धरलाय. दिसत नाही, पण हाताला खरखरीत लागतो. तेवढ्यानंही पंखावरून वारा नीट वाहत नाही आणि विमान वर उचललं जात नाही." मग नव्यानं पडणारा बर्फ चिकटू नये म्हणून वरून दाट हिरवं औषध मारलं.

मला त्या पंखाचा हेवा वाटला. माणसाला निघताना असं कोण धुऊन देतं? माझं मलाच करावं लागलं. सकाळी हसतमुखानं नातीला विहीणबाईंच्या मांडीवर ठेवलं, दुपटी कुठे आहेत ते दाखवलं, आणि मन कसं निर्मळ झालं म्हणून स्वतःवरच खूश झाले.

तेवढ्यात मुलीनं फोटो पाठवला. मी विणलेली टोपी घालून नात विहीणबाईंच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"आता उडायला उशीर झाला तर?" मी विचारलं.

"औषध थोडाच वेळ टिकतं," ते म्हणाले. "पुन्हा मारावं लागतं."

मी फोटो मोठा करून पाहिला. टोपीची नाडीसुद्धा विहीणबाईंना नीट बांधता आली नव्हती.