सव्वा तास

धाकटी बहीण पुण्याला, मी नरखेडकडच्या खेड्यात आणि आई एकटी नागपूरला, महाल भागात. पुणे ते नागपूर अंतर किती, विमानाला वेळ किती, हे आईने शेजारणीकडून फोनवर शोधून घेतलं होतं आणि दूधवाल्यापासून सगळ्यांना ती ते ऐकवायची. "सहाशेच्या वर किलोमीटर, अन् पोरगी सव्वा तासात येते."

माझ्या एसटीला अडीच तास लागतात, हे तिने कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. मी दर पंधरा दिवसांनी जायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खरं आहे.

धाकटी यायची त्या दिवशी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, व्हायच्या. एकदा मी डब्यात हात घातला तर आई म्हणाली, "थांब ना वं, ते विमानातून उपाशी येऊन राहिली." मी सकाळच्या गाडीत काटोलपर्यंत उभी होते, ते सोडून द्या. आई आत गेल्यावर मी दोन वड्या चोरून खाल्ल्या. फार छान झाल्या होत्या, म्हणून आणखीच राग आला.

मग मी धाकटीच्या वेळेचा हिशेब केला. घरून विमानतळ, तिथे दोन तास आधी पोचायचं, तपासणीची रांग, इथे उतरल्यावर बॅगेची वाट, सोनेगाव विमानतळावरून महाल. सहा तास कुठे गेले नाहीत. मी आईला सुनावलं, "सव्वा तास काय घेऊन बसलीस? तिच्या आधी मी पोचते."

"मंग काय शर्यत लावतं का?" आई म्हणाली.

शर्यतच होती. वेळ पडली तर आईजवळ पहिली मी असेन, एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि धाकटीकडे नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर आई न्हाणीत पडली. पहाटे शेजारणीने आम्हा दोघींना फोन केला, खुब्याचं हाड मोडलंय, दवाखान्यात नेतोय. सातची गाडी मला सहज मिळत होती. पण धाकटी दुपारशिवाय येत नाही, हे माझं ठरलेलं होतं. मी बागेत गेले आणि आईसाठी मोसंबी तोडली, एकेक पाहून. धाकटी आणून आणून काय आणणार, विमानतळावरची बिस्किटं. थैली भरून नऊच्या गाडीत बसले.

दवाखान्यात पोचले तर धाकटी पलंगावर बसून आईची वेणी घालत होती. दहाच्या आधीच आली होती. सकाळच्या विमानात एक जागा मिळाली म्हणाली. बॅग नव्हती, अंगावर घरातलाच ड्रेस, पायात घरातली चप्पल. माझ्या हिशेबात अशी उठून निघणारी धाकटी नव्हतीच. ऑपरेशनच्या कागदावर सहीसुद्धा तिनेच केली होती.

मी थैली खाली ठेवली. धाकटीने घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, इतका उशीर?"

आईने डोळे उघडले, माझा हात धरला आणि माझी बाजू घेतली.

"तिले काही म्हणू नको वं," ती धाकटीला म्हणाली. "दूर पडते तिले."