पोट नरम हाय

माझ्या नातीकडं रबराचा एक गोळा आहे. मुठीत दाबला की चेपतो, सोडला की पुन्हा फुगतो. त्याला ती स्क्विशी म्हणते. मला वाटलं ते त्या गोळ्याचं नाव असेल. मग पिकून काळं पडलेलं केळंही स्क्विशी निघालं, शेजारच्या बाळाचे गालही स्क्विशी. परवा माझा दंड दाबून म्हणाली, आजी, तूपण स्क्विशी. एका शब्दात एवढं कोंबलेलं मला पटत नाही. आमच्याकडं भाकरी मऊ असते, वखरलेलं रान भुसभुशीत, नासलेलं वांगं लिबलिबीत आणि बाळाचे गाल लुसलुशीत. पण तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमचाही एक शब्द असाच आहे, दोन्हीकडून चालणारा. नरम. त्या शब्दापायी माझी मुलगी हातची जात होती.

माझी शाळा चौथीपर्यंत. सासर ताडकळसच्या पलीकडचं एक खेडं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. मुलगी नुकती नीट बोलायला लागली होती. एके दिवशी पोट धरून लोळायला लागली. सासूबाईंनी बेंबीत हिंग भरला, एरंडेल पाजलं. ते सगळं उलटून पडलं आणि उलटीत जंत निघाला. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं. शी नाही, काही नाही. मग बैलगाडीनं ताडकळस गाठलं आणि तिथून एसटीनं परभणी. बस खड्ड्यात आदळली की पोरगी तोंड उघडायची, पण आवाज यायचा नाही.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं. म्हणाला, "जंतांचा गोळा आतड्यात अडकलाय. औषधानं सुटला तर ठीक. नाही सुटला तर पोट उघडावं लागेल." तिच्या नाकातून नळी घातली आणि तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही म्हणून बजावलं. नर्सला काहीतरी इंग्रजीत सांगितलं आणि गेला.

नर्स केरळची होती. मराठी मोडकं, त्यात हिंदी मिसळलेलं. हगवणीची साथ होती, खाटा भरून लेकरं खाली जमिनीवर झोपवली होती. एवढ्या सगळ्यांना ती एकटी. बायकांच्या त्या वॉर्डात पुरुषांना येऊ देत नव्हते, म्हणून आमचे मालक बाहेर पायरीवर बसून राहिले. आत मी आणि सासूबाई. सासूबाई असताना परक्या माणसाशी मी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

नर्स येता-जाता खाटेच्या पायथ्याशी थांबायची.

"अम्मा, पोट नरम है?"

सासूबाई पदरानं डोळे पुसायच्या. "नरमच हाय बाई. लय नरम."

"अच्छा," म्हणून ती पुढच्या लेकराकडं जायची.

आमच्याकडं माणूस आजारी पडला की त्याची तब्येत नरम. धडधाकट असला की कडक. पोटाचं दुखणं कसं आहे असं ही बाई विचारते, असं सासूबाईंनी धरलं. मीही तसंच धरलं.

पोरगी रडायची थांबली होती. ओठांना पापुद्रे आले होते. "आई, पानी," एवढंच म्हणायची, आणि मी मान फिरवायची. पोट ताशासारखं ताणलं होतं, बोट लावलं तरी विव्हळायची. दुपार उतरली तशी तेही बंद झालं. नर्स पुन्हा आली.

"नरम?"

"सकाळपरीस लय नरम हाय. तुमी कायतर करा."

"अच्छा, अच्छा," म्हणून ती हसली. मला रडताना पाहून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रोती क्यूँ? नरम है तो अच्छा है."

पोरगी मरायलीय आणि ही अच्छा म्हणते. माझं डोकं फिरलं. मी तिचं मनगट धरलं आणि तिचा हात पोरीच्या पोटावर दाबला. म्हटलं, "हे बघा तुमचं अच्छा."

तिनं हात तिथंच ठेवला. मग दुसराही ठेवला. "ये तो पत्थर है," असं म्हणाली आणि पळाली.

"मंग मी सकाळधरनं काय सांगायले?" सासूबाई तिच्या मागून म्हणाल्या. "नरम हाय, नरम हाय म्हनून घसा बसला माझा."

पोरीला आत नेलं. आम्ही दाराबाहेर भिंतीला टेकून बसलो. बऱ्याच वेळानं सासूबाईंनी विचारलं, "तिच्यात नरम म्हंजे चांगलं व्हय गं?"

"व्हय, आत्याबाई."

"मंग वाईटाला काय म्हनतेत तिच्यात?"

मला तरी कुठं ठाऊक होतं.

डॉक्टर बाहेर आला तो थकलेला होता. जंतांचा पेंडका काढला होता. आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो कापून टोकं जोडली होती. म्हणाला, "आता आतडं हललं पाहिजे. वारा सरला की लगेच कळवा, मग पाणी देता येईल. नाही सरला तर माझ्या हातात काही नाही."

पोरीला परत खाटेवर आणलं आणि मग दिवसरात्र वाट पाहणं आलं. पोट आता खरोखर मऊ होतं, पण मेल्यासारखं मऊ. डॉक्टर कानातली नळी पोटाला लावून ऐकायचा आणि पुढच्या खाटेकडं जायचा. पोरगी चमच्याकडं, लोट्याकडं, जे दिसेल त्याच्याकडं बघत पडलेली. खाली जमिनीवरचं एक लेकरू त्या दरम्यान गेलं. त्याच्या आईला धरायला कुणी उठलं नाही. मीही उठले नाही. माझा हात पोरीच्या पोटावर होता आणि तो उचलायची मला भीती वाटत होती. सासूबाई तिच्या पायाशी बसून होत्या. देवाचं नाव त्यांनी घेतलं नाही. घेऊन झालं होतं बहुतेक.

उन्हं खिडकीतून खाटेवर आली होती तेव्हा चादरीखालून आवाज आला. बारीकसा, फाटकं कापड ओढल्यासारखा. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. वासही आला.

सासूबाई उठून तरातरा नर्सच्या टेबलाशी गेल्या. "बाई, पोरगी पादली. आता हे बरं का वाईट, तेवढं सांगून टाक."

नर्सला पादणं कळेना. सासूबाईंनी ओठ दाबून तोंडानं आवाज काढून दाखवला. वॉर्डातल्या बायका हसल्या, ज्यांना हसता येत होतं त्या. नर्स धावत आली, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली. मग स्वतःच जाऊन वाटीत पाणी आणि चमचा घेऊन आली.

पोरीनं पहिलाच चमचा दातात धरला, तो सोडीना.