चंद्रीचे गर्भ आणि तात्यांचं सुतक

रत्नप्रभा परबचं नाक भलतंच तिखट हो, पण देवाचं नाव निघालं की ते बंद पडायचं.

दिंडोशीची ही बाई गोरेगावातल्या एका प्रयोगशाळेत गाईंचे गर्भ वाढवायची. गाईच्या पोटातली बीजं काढायची, फळवायची, आठवडाभर उबेच्या पेटीत जपायची आणि मग दुसऱ्या धडधाकट गाईच्या पोटात सोडायची. कुणी सेंट मारून आलं की रत्नप्रभाने दारातूनच हाकललं म्हणून समजा. "माझ्या लेकरांना वास चालत नाही, कळतं की नाही?" प्रयोगशाळेच्या प्रमुख इरावती मॅडम, त्यांनासुद्धा एकदा हाताचं क्रीम धुऊन यायला लावलं तिने!

आणि हीच बाई रोज सकाळी, मॅडम यायच्या आत, खोलीबाहेरच्या बोळात देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावून मालवणी गाऱ्हाणं घालायची. "बा देवा म्हाराजा, ही लेकरां वाढंदेत रे म्हाराजा!" पुढचं "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणी नसायचं, तेही स्वतःच म्हणायची.

गर्भ मात्र मरत होते. आठ पेशी झाल्या की बसकण मारायचे. मॅडमनी ज्या पाण्यात ते वाढतात ते बदललं, ऑक्सिजन कमी केला. रत्नप्रभाने उदबत्त्या वाढवल्या, वर धूप.

अशात आरेतल्या कमळमावशींची चंद्री आली. म्हातारी गाय, ही तिची शेवटचीच बीजं. "एक कालवड नाय ठेवली गं मागे," मावशी म्हणाल्या. "चंद्री गेली की गोठा बंद." रत्नप्रभाने शब्द देऊन टाकला.

बीजं पेटीत गेली आणि कणकवलीहून फोन आला. चुलतसासरे तात्या गेले. जन्मभर बांधावरून भांडलेला माणूस, आणि मरायला हा मुहूर्त! सुतक लागलं. दिवा नाही, उदबत्ती नाही, गाऱ्हाणं नाही. रत्नप्रभा बोळात उभी राहून रडली. "मेल्याने जातानापण आडवा पाय घातला."

पेशी मोजायच्या दिवशी तिचा धीरच होईना. मॅडमनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि ओरडल्या, "अगं, सोळा!" आठवडा सरला तेव्हा चार गर्भ टपोरे, झकास.

रत्नप्रभा हसली आणि मग बोटं मोजू लागली. पाणी तेच, पेटी तीच, मग बदललं काय? ती बोळात गेली. फोटोवरची भिंत धुराने काळी पडलेली, आणि तिथेच खोलीत हवा ओढणारा पंखा फिरत होता.

"वाट लावली हो मी," तिने मॅडमना सगळं सांगून टाकलं. तिला फार लाज वाटली.

"आणि मला क्रीम धुवायला लावलंस?" मॅडम म्हणाल्या.

पुढल्या वर्षी मावशींच्या गोठ्यात, उसन्या आणलेल्या गाईच्या पोटी, चंद्रीची कालवड झाली. कपाळावर थेट चंद्रीचा ठिपका. चंद्री तिला चाटत होती, मावशी रडत होत्या. रडता रडता त्यांनी उदबत्ती पेटवली.

"विझवा आधी!" रत्नप्रभा किंचाळली. मग स्वतःच हसली आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, काय द्यायचा ता असाच, धुराबिगर, भायरसून दी. आणि आमच्या तात्याक बरी जागा दी रे म्हाराजा. जितो होतो तवा कोणाच्या कामाक इलो नाय, मेलो तवा इलो."

मागून इरावती मॅडम, अस्सल पुणेरी बाई, मोठ्याने म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"